गाणे कुणाचे? शेवटच्या कडव्यातल्या ‘वामन’ची गोष्ट

हदगाव - एप्रिल उजाडला, की नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेकडील हदगाव तालुक्यात भीमगीतांचा हंगाम सुरू होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती १४ एप्रिलला असली, तरी गावोगावचे कार्यक्रम त्या एका दिवसात आटोपत नाहीत. गायक मंडळी मोजकी आणि गावे पुष्कळ. त्यामुळे प्रत्येक गाव आपल्या सोयीची तारीख धरते आणि जयंत्यांची ही रांग मे महिन्यातही चालू राहते. या कार्यक्रमांत मंडपाच्या कडेला बसलेल्या रसिकांत एक वाद हमखास रंगतो. आता झाले ते गाणे कुणाचे? तरुण मंडळी गायकाचे नाव घेतात. मूळ आवाज प्रल्हाद शिंदे यांचा की आनंद शिंदे यांचा, यावर चहाची पैजही लागते. साठी ओलांडलेला एखादा श्रोता मात्र वेगळाच प्रश्न टाकतो. शेवटचे कडवे कुठे गेले? ‘वामन’ तर त्यात होता!

वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या तक्रारीत एका मोठ्या परंपरेचे दुखणे दडलेले आहे. ज्यांच्या गाण्यांनी दोन-तीन पिढ्यांना शहाणे केले, त्या कवींची नावे टिकवण्याची सोय गाण्यातच केलेली होती. तीच सोय आता गाण्यातून गळू लागली आहे.

‘वामन’ म्हणजे लोककवी वामनदादा कर्डक. वामनदादा आपल्या गीताच्या अखेरच्या कडव्यात बहुधा स्वतःचे नाव गुंफत. या पद्धतीला नाममुद्रा म्हणतात. मराठी माणसाला ती नवी नाही. ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ हे शब्द कानावर पडले, की अभंग कुणाचा हे निराळे सांगावे लागत नाही. उर्दू गझलेतही शायर शेवटच्या शेरात आपले टोपणनाव आणतो. त्या शेराला मक्ता म्हणतात. हदगावचा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि उर्दू ही तिथल्या कारभाराची भाषा होती. अभंग आणि कव्वाली हे दोन्ही ऐकलेल्या श्रोत्यांना गाण्याच्या शेवटी कवीचे नाव येणार, हे ठाऊकच असे. छापील पुस्तक हाती नसलेल्या समाजात नाममुद्रा हेच गाण्याचे मुखपृष्ठ होते, असे म्हटले तरी चालेल.

नाममुद्रेचे बळ आणि तिची मर्यादा समजून घ्यायला फार लांब जाण्याची गरज नाही. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात कयाधूच्या काठी नरसी हे संत नामदेवांचे गाव आहे. नामदेवांचे अभंग महाराष्ट्रात प्रामुख्याने तोंडी परंपरेने आणि वह्यांमधून फिरले. पुढे विष्णुदास नामा नावाचा कवी झाला आणि त्याच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या. कोणता ‘नामा’ कोणाचा, हे निवडताना अभ्यासकांची दमछाक झाली. याउलट नामदेवांची जी ६१ पदे शिखांच्या ग्रंथात आली, ती १६०४ मध्ये लेखनिविष्ट झाल्याने त्यांच्या नावासकट जशीच्या तशी राहिली. ज्या नांदेडमध्ये १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी ग्रंथालाच गुरुपद दिले, त्याच नांदेडच्या गुरुद्वारात आज ग्रंथसाहिबाच्या पाठात ही पदे वाचली जातात. नाव गाण्यात असणे पुरेसे नसते, ते कुणीतरी लिहून ठेवावे लागते, याचे याहून जवळचे उदाहरण हदगावकरांना मिळणार नाही.

चिक्की विकणारा कवी

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. पोटासाठी मुंबईत आल्यावर त्यांनी गिरणीत काम केले, चिक्की विकली, मिळेल ती मजुरी केली. अक्षरओळख झाली ती जाणत्या वयात, शिवडीच्या कामगार वस्तीत. दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत त्यांनी वाचन पक्के केले. ३ मे १९४३ रोजी त्यांनी एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर पहिले गीत रचले. तिथून सुरू झालेला प्रवास १५ मे २००४ रोजी त्यांच्या निधनानेच थांबला. त्यांनी रचलेल्या गीतांची संख्या दहा हजारांच्या घरात सांगितली जाते. छापील संग्रह मात्र मोजके - ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’. यातील अखेरच्या संग्रहाने तर नाममुद्रेलाच शीर्षक केले. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे त्यांचे आत्मकथन.

दहा हजार गीते आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी पुस्तके, हा हिशेब नीट पाहिला पाहिजे. उरलेली गीते होती कुठे? ती होती गायनपार्ट्यांच्या वह्यांत आणि श्रोत्यांच्या तोंडी. वामनदादा गावोगाव फिरत, मुक्काम करत, तिथल्या गायकांना गीते देत. गायक ती वहीत उतरवून घेई, पुढच्या गावचा गायक त्याच्या वहीतून आपल्या वहीत उतरवी. वितरणाची ही व्यवस्था कोणत्याही प्रकाशकाला हेवा वाटावा अशी होती. तिच्यात जमाखर्च तेवढा नव्हता.

या वाटेवरचे ते पहिले प्रवासी नव्हेत. सत्यशोधक जलशांचा वारसा घेऊन १९३१ मध्ये नाशिककडे भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा घाट ठेवून त्यातली गौळण बाजूला सारायची आणि वगात अस्पृश्यता, शिक्षण, सभा-सत्याग्रह हे विषय आणायचे, असा तो प्रकार होता. १९५६ मध्ये धम्मदीक्षा आणि पाठोपाठ बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतरच्या काळात जलशांची जागा हळूहळू गायनपार्ट्यांनी घेतली. पेटी, ढोलक, बेंजो, समोरासमोर दोन पार्ट्या आणि रात्रभर सवाल-जवाब. या सामन्यांत नाममुद्रेला आणखी एक काम मिळाले. आपण कुणाच्या परंपरेतले, कोणत्या कवीचे शिष्य, हे गायक शेवटच्या कडव्यात ठणकावून सांगू लागला. ते कडवे म्हणजे सामन्याचा कळस असे. ते गाळण्याचा प्रश्नच नव्हता.

तीन मिनिटांची कात्री

मग ते गळाले कसे? सगळा दोष डीजेच्या माथी मारण्याची हल्ली पद्धत पडली आहे. त्यात तथ्य असले, तरी कात्री त्याच्याही आधी लागली होती. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचेच गाणे मावे. मंडपात शेर, आळवणी आणि श्रोत्यांच्या फर्माइशीसह पाव तास चालणारे गीत तबकडीवर आणायचे, तर कडवी कमी करणे भाग होते. आरंभीची कडवी गाण्याची ओळख असतात, त्यांना हात लावता येत नाही. साहजिकच शेवटचे पहिल्यांदा जाई. १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटचा सुळसुळाट झाला. वेळेची अडचण थोडी सैल झाली, पण एका कॅसेटमध्ये आठ-दहा गाणी बसवण्याचा व्यापारी आग्रह आला. वेष्टनावर छायाचित्र गायकाचे. गीतकार बारीक अक्षरांत. डीजेने पुढची पायरी गाठली. आता मिरवणुकीत गाण्याचे धृपद आणि ठेका एवढेच उरतात.

चित्रपटातही वेगळे घडले नाही. ‘सांगते ऐका’ या १९५९ च्या गाजलेल्या चित्रपटातील ‘सांगा या वेडीला’ हे गीत वामनदादांचे. वसंत पवार यांच्या संगीतातले हे गाणे ज्येष्ठ मंडळींना तोंडपाठ असते; ते लिहिणारा आणि बाबासाहेबांवर हजारो गीते रचणारा कवी एकच, हे सांगितल्यावर त्यांच्याही भुवया उंचावतात.

गायकांचा यात दोष किती, यावर रसिकांत दोन तट आहेत. प्रल्हाद शिंदे यांचे नाव निघाले, की हा वाद विशेष तापतो. भीमगीते गाजवणाऱ्या या बुलंद आवाजाने ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ घराघरांत नेले आणि सत्यनारायणाची कथाही गायली. चळवळीतल्या काहींना हे रुचत नाही. इतर म्हणतात, पोट भरणाऱ्या गायकाला कंपनी देईल ते गावे लागते आणि त्या आवाजानेच तर भीमगीतही दूरवर पोचवले. दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक पटण्याजोगे आहे. मात्र त्या पंढरीच्या गाण्याचे गीतकार दत्ता पाटील आणि संगीतकार मधुकर पाठक होते, हे दोन्ही तटांतल्या बहुतेकांना सांगता येत नाही. म्हणजे विस्मरण भीमगीतापुरते नाही. वामनदादांच्या पाठोपाठ अवघ्या ३९ दिवसांनी, २३ जून २००४ रोजी प्रल्हाद शिंदे गेले. एकाचा आवाज ध्वनिमुद्रणात शाबूत राहिला आणि पुढे मुलगे आनंद, मिलिंद आणि नातू आदर्श यांच्यात त्याचा वारसा दिसतो. दुसऱ्याचा वारसा शब्दांत होता आणि शब्दांना रक्ताचे वारस पुरत नाहीत.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि खेडोपाडी दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांची त्यात हत्या झाली. १९९३ मध्ये नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत रचल्या गेलेल्या गीतांनी हुतात्म्यांची नावे जिवंत ठेवली. वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांपेक्षा ती अधिक लोकांपर्यंत गेली. एका नावासाठी एवढे रक्त सांडलेल्या प्रदेशात गीत रचणाऱ्याचे नाव गळाले तर बिघडले कुठे, असे म्हणणे शोभत नाही.

तरीही तसे म्हणणारे आहेत आणि त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. गाणे लोकांचे झाले, कवी विरघळला, यातच त्याचे यश, असे ते म्हणतात. अमेरिकेतील ग्रामीण संगीताच्या चाहत्यांतही हाच वाद आहे. १९२७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले कार्टर कुटुंब हे तिथल्या कंट्री संगीताचे आद्य घराणे मानले जाते. ए. पी. कार्टर डोंगरदऱ्यांतून गाणी गोळा करी, तेव्हा सोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. शब्द कार्टर टिपून घेई, चाल रिडलच्या डोक्यात राही. स्वामित्वहक्क कार्टरच्या नावे नोंदले गेले. रिडलचे नाव रसिकांना कळायला १९६०चे दशक उजाडावे लागले. गाणे लोकांचे झाले असे म्हणताना पैसा आणि श्रेय नेमके कुणाकडे थांबले, हे पाहावे लागते, ते यासाठी.

वामनदादांशी अधिक मिळताजुळता माणूस म्हणजे वुडी गथ्री. रूढ चालींवर नवे शब्द बसवणारा, मजुरांमध्ये भटकणारा हा गायक १९६७ मध्ये वारला, तेव्हा जवळपास तीन हजार गीते मागे राहिली होती. त्यातील बहुतेकांच्या चाली त्याच्यासोबत गेल्या. मुलीने ती जपली, १९९८ मध्ये नव्या पिढीच्या संगीतकारांनी त्यांतील काहींना चाली देऊन अल्बम काढला आणि २०१३ मध्ये तल्सा शहरात त्याचे संग्रहालय उघडले. वामनदादांची जन्मशताब्दी २०२२ मध्ये झाली, व्याख्याने आणि गायनाचे कार्यक्रमही झाले. पण जुन्या वह्यांना गथ्रीच्या कागदांसारखे कायमचे घर अजून हवे आहे.

कायदा याबाबतीत समजतो तितका पांगळा नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार गीतकाराचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या रचनांवर तो २०६४ अखेरपर्यंत आहे. कलम ५७ तर त्याहून महत्त्वाचे. रचना विकली, तरी ती आपली आहे असे म्हणण्याचा आणि तिची विटंबना झाल्यास दाद मागण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटाही सुरक्षित केला. अडचण पुराव्याची आहे. वहीतून वहीत गेलेल्या गाण्याचा करारनामा नसतो. अशा वेळी न्यायालयाला दाखवण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे ते शेवटचे कडवे.

त्या कडव्यावरूनही मतभेद होतातच. पैनगंगेच्या अलीकडे हदगावात आणि पलीकडे उमरखेडात एकच गीत वेगवेगळ्या शब्दांनी गायले जाऊ शकते. शाहिरी परंपरेत कवी स्वतःच गाव पाहून शब्द बदलतो, कुठे नदीचे नाव घालतो, कुठे ताज्या घटनेचा उल्लेख करतो. छापील संग्रह हाती घेऊन मंडपात बसलेल्या श्रोत्याला गायकाचे कडवे चुकीचे वाटते आणि गायक सांगतो, की आपल्या उस्तादाने खुद्द वामनदादांकडून ते असेच उतरवून घेतले होते. दोघेही खरे असू शकतात. अशा वेळी जुन्या पार्टीतला कुणीतरी घरी जाऊन ट्रंकेतली वही घेऊन येतो, पुढचे गाणे थांबते आणि बेंजोवाला तोवर सूर जुळवत बसतो.