फोर-व्हील गाडीचा विचित्र आवाज : कारण कसं शोधायचं?



आज जरा वेगळा विषय घेतला आहे. आमच्या पाम परिसरातल्या एका पालकांकडे जुनी फोर-व्हील जीप आहे. पावसाळ्यात वाडीकडचा रस्ता चिखलाने भरला की शेजारपाजारची मुलंही त्याच गाडीतून शाळेत येतात. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गाडी खालून "चिक-चिक, चिक-चिक" असा आवाज करू लागली. गॅरेजवाल्याने उभ्या उभ्या सांगितलं, "गिअरबॉक्स खोलावा लागेल." खर्च ऐकून पालक म्हणाले, "सर, राहू दे. चालतेय तोवर चालवतो."

मला दोन्ही गोष्टी खटकल्या. न तपासता गिअरबॉक्स खोलणं चूक, आणि आवाज येत असताना मुलांना बसवून गाडी चालवणं त्याहून मोठी चूक. मग आम्ही काय केलं ते सांगतो.

आधी गाडीची रचना समजून घेऊ

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. तिथून दोन लांब दांडे निघतात, एक मागच्या अॅक्सलकडे आणि एक पुढच्या. यांना प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. दांड्याच्या टोकांना अधिक चिन्हासारखा एक तुकडा असतो, मेकॅनिक लोक त्याला 'क्रॉस' म्हणतात. गाडी खड्ड्यात वर-खाली झाली तरी दांडा फिरत राहावा म्हणून हा सांधा असतो. अॅक्सलच्या मधल्या गोळ्यात डिफरन्शियल असतं, ते ताकद दोन्ही चाकांना वाटून देतं.

मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडच्या बऱ्याच जीपची मूळ रचना हीच आहे.

आवाज कधी येतो, ते लिहून काढा

डॉक्टर जसे "कधी दुखतं? जेवल्यावर की उपाशीपोटी?" असं विचारतात, तसंच इथेही विचारायचं.

- गाडी उभी असताना, नुसतं इंजिन चालू ठेवलं तरी येतो का? मग तो चाकांचा किंवा शाफ्टचा आवाज नव्हे.
- निघताना किंवा गिअर टाकताना एकदाच "टक्" होतं? क्रॉस ढिला झाला असण्याची शक्यता.
- "घूंऽऽ" असा आवाज अॅक्सिलरेटर सोडल्यावर बदलतो? डिफरन्शियलकडे बघा.
- अॅक्सिलरेटरने बदलत नाही, पण वळणावर एका बाजूला वजन गेलं की वाढतो? चाकाचं बेअरिंग.
- डांबरी रस्त्यावर वेगळा आणि सिमेंटच्या रस्त्यावर वेगळा? बहुतेक टायरचाच आवाज.

दोष नसलेला एक आवाज

फोर-व्हील लावून कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी वळवली तर ती अडखळते, कुरकुरते. याचं कारण मुलांना मैदानात दाखवता येतं. सायकलची दोन्ही चाकं ओली करून एक वळसा मारायला सांगा. जमिनीवर दोन वेगळ्या रेषा उमटतील आणि पुढच्या चाकाची रेषा बाहेरून जाईल. म्हणजे पुढचं चाक जास्त अंतर कापतं. साध्या फोर-व्हील गाडीत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधलेले असतात, त्यामुळे हा फरक सामावून घेता येत नाही. चिखलात चाकं थोडी घसरतात म्हणून चालून जातं, डांबरावर मात्र सगळा ताण सांध्यांवर येतो. अशा वेळी फोर-व्हील काढून टाकायची, एवढाच उपाय.

एका वेळी एकच गोष्ट बदला

आमच्या पालकांची गाडी टू-व्हीलवर असतानाही आवाज येत होता. म्हणून पुढच्या भागाचा संशय कुणाला आला नाही. पण या जीपच्या पुढच्या चाकांना हाताने लॉक करायचे हब आहेत आणि ते पावसाळाभर लॉकच राहिले होते. हब लॉक असले की इंजिनाची ताकद पुढे जात नसली तरी चाकंच पुढचा अॅक्सल आणि शाफ्ट फिरवत राहतात. आम्ही बाकी काही न बदलता फक्त हब मोकळे केले. आवाज बंद! पुन्हा लॉक केले, आवाज परत. म्हणजे दोष पुढच्या बाजूला. गिअरबॉक्स सुटला.

आता मोजा

पुढच्या टायरवर खडूने खूण केली. मोकळ्या मैदानात पालकांनी गाडी अगदी चालण्याच्या वेगाने सरळ चालवली. मी बाजूने, अंतर ठेवून चालत चाकाच्या दहा फेऱ्या मोजल्या. दुसऱ्या शिक्षकांनी आवाज मोजले.

हे का करायचं? शाफ्ट चाकापेक्षा जास्त वेळा फिरतो. अशा गाडीत चाकाची एक फेरी होते तेव्हा शाफ्टच्या साधारण चार होतात (गाडीनुसार थोडा फरक असतो). दहा फेऱ्यांत दहाच्या आसपास आवाज आले तर दोष चाकाशी. चाळीसच्या आसपास किंवा त्याच्या दुप्पट आले तर शाफ्टशी. आमची मोजणी आली एकेचाळीस.

गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चाकांना दगड लावून मेकॅनिकने पुढचा शाफ्ट हाताने हलवून पाहिला. एका क्रॉसभोवती तांबूस पूड जमली होती. पाण्याने ग्रीस धुऊन गेलं होतं आणि आत गंज धरला होता. क्रॉस बदलला, ग्रीस भरलं, आवाज गेला. हा सांधा चालत्या गाडीत तुटला असता तर शाफ्ट निखळून रस्त्यावर आपटला असता. गाडीत मुलं असताना!

आपल्या किनारपट्टीला खारी हवा आणि चार महिने पाणी. चिंचणीच्या वाळूत किंवा ओढ्यातून गाडी नेली असेल तर गोड्या पाण्याने खालून धुवा आणि ग्रीस मारून घ्या.

वर्गात कसं वापराल?

सायकल उलटी ठेवा. पेडलची एक फेरी केली की मागचं चाक किती वेळा फिरतं, ते मुलांना मोजू द्या. टायरवर खडूची खूण आणि वहीत तक्ता, एवढं पुरे. वरच्या वर्गांना यातूनच गुणोत्तर शिकवता येईल. तारापूर एमआयडीसीत मेंटेनन्सला असलेले पालक तुमच्या शाळेत नक्की असतील. त्यांना एक दिवस बोलवा, बेअरिंगचा आवाज ते कसा ओळखतात ते मुलांना ऐकू द्या. मात्र चालत्या गाडीजवळ किंवा गाडीखाली मुलांना अजिबात जाऊ देऊ नका.

निरीक्षण करा, एकच गोष्ट बदला, मोजा आणि मगच निष्कर्ष काढा. परिसर अभ्यासात आपण हेच शिकवतो. ते घरच्या गाडीलाही लागू पडतं. आणि पालकहो, गाडीचा आवाज बदलला तर "चालतेय तोवर" म्हणू नका. मागच्या सीटवर आपलीच लेकरं असतात.