चौदा इंचांची ‘म्हादेई’

लाकडी नौकेची प्रतिकृती करायची तर रंगाच्या बाबतीत पुण्याजवळच्या वाकडसारखी जागा नाही. समुद्र घाटाखाली राहिला, पण चाकणपासून हिंजवडीपर्यंतच्या या पट्ट्यात रंगाची जाण गल्लोगल्ली आहे. कारखान्यांत नव्या गाड्या रंगतात आणि थेरगाव, काळेवाडीच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांत ठोकलेल्या. मोटारीचा पत्रा आणि नौकेचा हल, म्हणजे तिचं बाहेरचं अंग, दोन्ही वक्र आणि दोन्हींवर उजेड तिरका पडतो. एक दबलेली जागा राहिली तरी ती लांबून दिसते.

आधी एक सांगायला हवं. बहुतेक लाकडी होड्या गुळगुळीत करूच नयेत. गलबताच्या किंवा मचव्याच्या प्रतिकृतीवर फळ्यांचे सांधे दिसले पाहिजेत, कारण मूळ नौकेवर ते दिसत. ते लांबी भरून बुजवले की नौका प्लॅस्टिकची वाटायला लागते. म्हणून गुळगुळीत अंगासाठी मी ‘म्हादेई’ निवडली. गोव्याच्या दिवाडी बेटावरच्या यार्डात रत्नाकर दांडेकरांनी ही ५६ फुटी शिडाची नौका बांधली आणि २००९ मध्ये ती नौदलाकडे आली. त्याच वर्षी दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि २०१० मध्ये परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. हिचा हल लाकडी पट्ट्यांचाच आहे, पण त्यावर फायबरग्लास आणि इपॉक्सीचं आवरण असल्यामुळे सांधा कुठे दिसत नाही. १:४८ या प्रमाणात ती बरोबर चौदा इंचांची होते.

हे प्रमाण रंगवतानाही सोडत नाही. मोटारीवरचे सगळे थर मिळून साधारण १०० मायक्रॉन भरतात, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. तेवढाच रंग या प्रतिकृतीवर चढवला, तर खऱ्या नौकेवर तो जवळजवळ ५ मिलिमीटर जाड झाला. रंगात अडकलेला एखादा केस तिथे दोरखंड होतो. त्यामुळे खोट रंगाखाली झाकण्याची सोयच उरत नाही. जे करायचं ते रंगाआधी.

माझ्या प्रतिकृतीच्या पट्ट्या पाइनच्या आहेत. परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्यांचं हे लाकूड, तिथली पाडापाडी होण्याआधी कुदळवाडीच्या भंगारबाजारात स्वस्त मिळायचं. स्वस्त असलं तरी ते लबाड लाकूड आहे. त्यात एक रेघ कठीण आणि एक मऊ असते. नुसत्या बोटांनी पॉलिश पेपर फिरवला तर मऊ रेघ लवकर झिजते, कठीण वर राहते आणि अंगावर लाटा उठतात. हाताला त्या कळत नाहीत, रंग लागल्यावर मात्र सगळ्यांना कळतात. म्हणून पेपर ठोकळ्यावर गुंडाळायचा. तळाच्या वळणावर ठोकळा बसत नाही, तिथे रबराची लवचिक पट्टी घ्यायची. घासताना हात पट्ट्यांना तिरका चालवायचा, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने. १२० नंबरने सुरुवात करून २२०वर यायचं. मग ओलसर फडका फिरवून लाकूड वाळू द्यायचं. दबलेले तंतू पाण्याने उभे राहतात, ते ३२०ने हलकेच काढायचे. ही पायरी गाळली तर तेच तंतू पहिल्या प्रायमरमध्ये उभे राहतात. पाइनच्या गाठीतून राळ सुटते आणि महिन्यांनी पांढऱ्या रंगावर पिवळा डाग उमटतो. त्यावर फर्निचरवाल्यांचा जुना उपाय चालतो, स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. गाठींवर तिचे दोन हात आणि मग सगळ्या अंगाला सँडिंग सीलर.

यापुढचं मी पुस्तकातून शिकलो नाही. डांगे चौकाजवळच्या एका गॅरेजात मूळचे लातूरकडचे एक पेंटर आहेत. त्यांना मी काका म्हणतो, ते मला सर म्हणतात. हल हातात घेतल्यावर त्यांनी तो उजेडाकडे धरला नाही. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवली, डोळे दुसरीकडे केले आणि तळवा नाळेपासून मागच्या टोकापर्यंत सावकाश नेला. “इथं दबलंय सर. आणि इथं दोन पट्ट्यांत उंच-खाली आहे.” पिशवीमुळे तळवा अडखळत न जाता सरकतो आणि उंचसखल तेवढं जाणवतं. नंतर मी घरी करून पाहिलं, खरंच जाणवतं.

दबलेल्या जागी त्यांनी हार्डनरवाली लांबी भरली आणि बारीक ओरखड्यांवर एनसी पुट्टी, तीही कातडीइतकी पातळ. एनसी पुट्टी थिनर उडून वाळते, त्यामुळे जाड भरली तर वरून कडक आणि आत ओली राहते. मग रंगाखाली आठवडे बसत जाते आणि बुजवलेली जागा पुन्हा खोल दिसते. “घाई करायची असंल तर लांबी लावूच नका,” काका म्हणाले.

त्यावर राखाडी प्रायमर सर्फेसर मारला आणि तो वाळल्यावर लांबून काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा. सगळ्या कामात मला हीच पायरी सर्वांत आवडते. ठोकळ्यावर ४०० नंबरचा पेपर घेऊन घासलं की उंच जागेवरचा काळा निघतो आणि खोलातला तसाच राहतो. कुठे अजून भरायचंय ते आपोआप लिहून मिळतं. लांबी, प्रायमर, काळा फवारा, घिसाई हा फेरा अंग एकसारखं राखाडी होईपर्यंत चालतो. वॉटर पेपर पाणी लावून चालवायचा तो आता, लाकूड सगळीकडून बंद झाल्यावर. त्याआधी पाणी मुरलं तर पट्ट्या फुगतात आणि सांधे पुन्हा वर येतात.

प्रत्यक्ष रंग लवकर उरकतो. गन सहा ते आठ इंचांवर धरायची, फवारा हलच्या बाहेर सुरू करून पलीकडे गेल्यावरच सोडायचा आणि दर पट्ट्याने आधीचा निम्मा झाकायचा. पहिला हात नुसता धुक्यासारखा. लांबून मारलं तर रंग वाटेतच वाळतो आणि अंग खरखरीत होतं, जवळून मारलं तर ओघळतो. पावसाळ्यात लॅकर नको. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंगावर दुधी पांढुरकी येते. एनॅमलच्या ताज्या थरावर लॅकर मारलं तर खालचा रंग सुरकुतून उचलतो. गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश आसपासही नको, कारण त्यातल्या सिलिकॉनच्या कणाभोवती रंग मागे सरतो आणि गोल डोळे पडतात.

वाकडमध्ये याशिवाय धूळ आहे. एका बाजूला महामार्ग, दुसऱ्या बाजूला बांधकामं. बाल्कनीत रंगवणं म्हणजे धुळीला आमंत्रण. मी बाथरूमची फरशी ओली करतो, एक्झॉस्ट चालू ठेवतो आणि बाष्प अडवणारा मास्क लावतो. तोंडाला बांधलेला रुमाल थिनर अडवत नाही. हार्डनरचा पीयू रंग मात्र घरात मारूच नये. त्यातली आयसोसायनेट्स फुफ्फुसांना धोक्याची असतात, ते काम बूथ असलेल्या गॅरेजातच द्यावं.

तळाचा लाल रंग वेगळा. हल समतल ठेवून, एकाच उंचीवर टेकवलेल्या पेन्सिलीने भोवती पाणरेषा ओढली आणि मास्किंग टेप लावली. टेपच्या कडेवर आधी पांढऱ्याचाच एक पातळ हात दिला. जिथे फट असेल तिथे पांढराच शिरतो, नंतरच्या लालला वाट उरत नाही.

काकांचं आणि माझं जमलं नाही ते शेवटच्या चकाकीवर. त्यांना रबिंग कंपाउंडने आरशासारखी झळाळी हवी होती, मोटारीला लागते तशी. माझं मत वेगळं आहे. खरी नौका आपण लांबून पाहतो, तेवढ्या हवेतून तिची चमक मंद होऊन डोळ्यांपर्यंत पोचते. चौदा इंचांवर तीच झळाळी ठेवली की नौकेचं खेळणं होतं. मी वरून सॅटिन क्लिअर मारला.

कुणाला असा हल रंगवायचा असेल तर आधी जवळच्या गॅरेजात जाऊन अर्धा दिवस नुसतं घासणं पाहा. रविवारी जाऊ नका, त्या दिवशी गाड्या न्यायला लोक येतात आणि बोलायला कुणाला वेळ नसतो.