थापटणं

आषाढात आमचा एक मित्र गेला. भूममधल्या निम्म्या घरांना तो 'सर', आम्हा चौघांना नुसता 'अरे'. तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. फोटो कुठल्याशा लग्नातला, डोक्यावरचा फेटा कापलेला, पण कपाळावरचा गंध तसाच. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली शोकाकुल म्हणून जे नऊ चेहरे होते, त्यातल्या दोघांशी त्याचं कैक वर्षं बोलणं नव्हतं. शोकसभेत 'पोकळी' हा शब्द सात वेळा आला. सातवा मी होतो.

घरी आलो तर या अंकाच्या संपादकांचा फोन. 'मित्र गेल्यावर मराठीनं त्याला कसं आठवलं, याचा आढावा लिहाल का?' त्यांना इथलं काहीच ठाऊक नव्हतं. मी हो म्हणालो. ज्यानं हा लेख छापण्याआधी वाचला असता तोच नव्हता, तेव्हा कुणाला विचारायचंही उरलं नव्हतं.

आढाव्याला आरंभ शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या तेरला गोरोबाकाकांचं घर दाखवतात. आख्यायिका सगळ्यांच्या तोंडी आहे: संतमंडळी जमली होती, मुक्ताबाईनं कुंभारकामाचं थापटणं पाहून विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते कळायला. मग आमची मडकी पाहा की! काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे चिडले, आणि ते कच्चे ठरले. कीर्तनकार ही गोष्ट अहंकार आणि गुरू या अंगानं सांगतात, आणि नामदेवांना विसोबा खेचरांकडे पाठवून मोकळे होतात.

मला ती वेगळीकडे नेते. पुढे 1296 साली, शके 1218च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. वय 21. नामदेव त्यांच्याहून पाचएक वर्षांनी मोठे. त्या दिवसाची हकीकत आपल्यापर्यंत आली ती नामदेवांच्या नावावरच्या समाधीच्या अभंगांतून. म्हणजे सगळ्या पक्क्या मडक्यांत मित्राचं जाणं सांगायला पुढे आलं ते कच्चं ठरलेलं. समाधीचे अभंग वाचताना पाहा, तिथं तत्त्वज्ञान फार नाही. नामदेवांची मुलं, नारा, विठा, गोंदा, महादा, समाधीची जागा झाडून स्वच्छ करताहेत. निवृत्तिनाथ गुरू आणि थोरले भाऊ, पण धीर सुटतो तो त्यांचाच. कोण कुठे उभं होतं, कुणी हात धरला, शिळा कधी लागली, असं सगळं बारीकसारीक. दुःख मोठ्या शब्दांत सांगावं लागत नाही, जागा कुणी झाडली एवढं सांगितलं तरी पुरतं, हे मराठीला सातशे वर्षांपूर्वी कळलेलं होतं. शोकसभेत आपण ते विसरतो.

नामदेव त्यानंतर 1350 पर्यंत, म्हणजे आणखी चोपन्न वर्षं जगले. पंजाबपर्यंत गेले. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. गेलेल्या मित्रासोबतची तीर्थयात्राही त्यांनी 'तीर्थावळी'त सांगितली. ही चोपन्न वर्षं मला हल्ली वारंवार आठवतात. मित्राचं जाणं एका दिवसाचं, त्याच्याशिवाय राहणं केवढं लांब!

मधली शतकं ओलांडतो. छापखाना आला, मासिकं आली आणि मृत्युलेख हा प्रकार रुळला. जाता जाता एक गंमत. ज्या दिवाळी अंकातून तुम्ही हे वाचताय, त्या प्रकाराचा पहिला मानला जाणारा अंक 1909 सालचा, 'मनोरंजन'चा. तो काढणारे काशीनाथ रघुनाथ आजगावकर. त्यांनी आडनाव बदलून घेतलं ते 'मित्र'. यामागे बंगालीची ओढ होती, हे खरं. तरी दिवाळी अंकाच्या मुळाशी मित्र आहे, याचं मला बरं वाटतं.

आचार्य अत्रे मृत्युलेखांचे राजे. 'समाधीवरील अश्रू' हे त्यांच्या पुस्तकाचं नावच ते सांगतं. अत्र्यांचा मृत्युलेख म्हणजे भर सभेतलं भाषण: माणूस पर्वताएवढा होतो, वाचकाचा गळा दाटतो. माझाही दाटतो. पण ही रीत अत्र्यांच्या ताकदीच्या माणसानंच करावी. आमच्या चौकातला फ्लेक्स हे त्याच शैलीचं पातळ केलेलं ताक आहे, असं मी म्हटलं तर अत्रेप्रेमी रागावतील. रागावोत.

पु. ल. देशपांड्यांनी सूर खाली आणला. 'गणगोत', 'गुण गाईन आवडी', 'मैत्र' या पुस्तकांत माणूस ओसरीवर येऊन बसतो. त्यांचे जिवलग, गायक वसंतराव देशपांडे, 30 जुलै 1983 रोजी गेले. वसंतरावांचा अर्धा जन्म लष्कराच्या हिशेब खात्यात आकडे मांडण्यात गेला. 1967 साली 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक आलं तेव्हा खाँसाहेब झालेला हा माणूस पंचेचाळिशी ओलांडून गेला होता. असा मित्र गेल्यावर 'काळानं हिरावून नेलं' म्हणणं सोपं. पु.लं.मुळे महाराष्ट्राला वसंतराव आठवतात ते मैफलीआधीच्या आणि नंतरच्या गप्पांसकट. एकच तक्रार: पु.लं.चे मित्र फार क्वचित त्यांना कच्चं म्हणताना दिसतात.

ते काम पु.लं.च्या पत्नी सुनीताबाईंकडे आलं. धारवाडला राहणारे जी. ए. कुलकर्णी माणसांत फारसे मिसळत नसत. त्यांची आणि सुनीताबाईंची मैत्री मुख्यतः टपालातून चालली. जी.ए. 11 डिसेंबर 1987 रोजी पुण्यात गेले. सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रं पुढे 'प्रिय जी. ए.' या नावानं पुस्तक होऊन आली. गेलेल्या मित्राबद्दल काही न लिहिता, तो असताना त्याच्याशी जे बोललो तेच समोर ठेवणं, हीसुद्धा आठवणच. त्यात वाद आहेत, हट्ट आहेत. थापटण्याचा आवाज दोन्हीकडून येतो.

आणि एक रीत अशी, जिच्यात लिहिणं जवळजवळ नाहीच. अरुण कोलटकर 25 सप्टेंबर 2004 रोजी गेले. घरी फोन न ठेवणारा हा कवी दर गुरुवारी मुंबईत काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये हमखास भेटे. त्यांचे मित्र अशोक शहाणे. 2003 साली शहाण्यांच्या 'प्रास' प्रकाशनानं 'भिजकी वही' छापली आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला कवी गेल्यावर, 2005 साली मिळाला. पुढे 'अरुण कोलटकरच्या चार कविता' आल्या, मराठी 'जेजुरी' आली. कागद कुठला, अक्षर केवढं, ओळ कुठे मोडायची, यात जो वेळ गेला तो शोकच होता, असं मी समजतो.

आता आमचा 'अरे'. त्याला काय आवडायचं, तर चूक काढायला. भूम तालुका खव्याचा. पहाटे गावोगावच्या भट्ट्या पेटतात, म्हशीचं दूध कढईत आटत राहतं, उलथणं क्षणभर थांबलं की तळाला लागतं. महामार्गावर कुंथलगिरीचे पेढे घेणाऱ्यांना हा धूर दिसत नाही. हा गृहस्थ भट्टीवर जायचा, गरम खवा चिमटीत धरायचा, तळहातावर अंगठ्यानं चोळायचा आणि तूप सुटण्याची वाट बघायचा. तूप सुटलं की मान हलवायचा. नाही सुटलं तर काही न बोलता हात धोतराला पुसायचा. माझे लेखही तो असेच बघे. 'चांगलंय' हा शब्द माझ्या वाट्याला तीनदा आला असेल. एकदा माझं एक भाषण ऐकून आलमप्रभूच्या देवळापर्यंत चालत आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, 'टाळ्या मिळाल्या ना? मग आता खरं काय ते लिही.' मी दोन महिने त्याच्याकडे फिरकलो नाही. शोकसभेत हे सांगायला हवं होतं. मी पोकळीबद्दल बोललो.

श्रावणात वहिनींनी बोलावलं. कापडी पिशवीत माझे जुने लेख होते, त्याच्याकडे वाचायला गेलेले, परत न आलेले. वर गेल्या वर्षीचा कुंथलगिरीवरचा. जैन आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथं सल्लेखना, म्हणजे देह ठेवेपर्यंतचा उपवास, घेतली ती 14 ऑगस्ट 1955 रोजी, देह ठेवला 18 सप्टेंबरला. मी पस्तीस दिवस लिहिले होते. आकड्याखाली पेन्सिलीची रेघ आणि समासात त्याचं किरटं अक्षर: 'बोटांवर मोज.'

वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी ओसरीवर बसून मोजले. ऑगस्टचे अठरा, सप्टेंबरचे अठरा. छत्तीस.