बटलर बे : गजबजाटापलीकडचं अंदमान

कुठे : लिटल अंदमानच्या पूर्व किनाऱ्यावर. या बेटाच्या दक्षिणेला टेन डिग्री चॅनेल आणि त्यापलीकडे निकोबार.

कसं जाल : श्रीविजयपुरमहून (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) सरकारी बोटीने बेटावरची हट बे जेट्टी. प्रवास सहा ते आठ तासांचा. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीसाठी दोन दिवस हाताशी ठेवा. जेट्टीपासून बटलर बेचा किनारा सुमारे 14 किलोमीटर.

केव्हा : डिसेंबर ते एप्रिल. घड्याळ भारतीय, पण सूर्य पूर्वेचा. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. दिवस पहाटेच सुरू करा, इथला सूर्योदय थेट समुद्रातून होतो.

सोबत घ्या : रोख पैसे, नेहमीची औषधं, टॉर्च, पाण्याची बाटली. राहण्याची सोय साधी आणि मोजकीच.

सावध राहा : बेटावर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. स्थानिकांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. खाडीच्या मुखापासून दूरच राहा.

मान राखा : हे बेट मुळात ओंगे आदिवासींचं. आज ते शे-सव्वाशेच्या आसपास उरले आहेत. 1956च्या संरक्षण कायद्यानुसार त्यांच्या राखीव क्षेत्रात पर्यटकांना प्रवेश नाही.

आणू नका : प्रवाळ, अगदी मेलेलंसुद्धा. किनाऱ्याचं ते किनाऱ्यावरच राहू द्या. आपला कचरा मात्र परत आणा.