छोट्या कॅम्पिंग ट्रेलरची पारख

गाडीमागे जोडून नेता येईल, आत दोघांना झोपता येईल आणि मागचे झाकण उघडले की ओटा तयार होईल, एवढे ज्यात बसते तो छोटा कॅम्पिंग ट्रेलर. 1930 च्या दशकात अमेरिकेत पाण्याच्या थेंबासारख्या आकाराचे असे ट्रेलर लोक घरच्या घरी बांधू लागले, आणि आजही छोट्या ट्रेलरची मूळ मांडणी तीच आहे. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यात इंजिन असलेल्या मोठ्या गाड्यांबरोबर मागे ओढून नेण्याचे ट्रेलरही धरले आहेत. त्यामुळे इतके दिवस परदेशी चित्रफितींत दिसणारी ही वस्तू विकत घेण्याचा विचार आता जिल्ह्या-तालुक्यांतही होऊ लागला आहे. बेलापूर, श्रीरामपूर, राहुरी या भागातल्या कुटुंबाने असा ट्रेलर घ्यायचा ठरवला, तर तो पारखायचा कसा, हा या लेखाचा विषय आहे.

पारख नेहमी ठरावीक रस्त्यावर आणि ठरावीक मुक्कामावर करावी. बेलापूरकरांसाठी भंडारदऱ्याची वाट त्याला उत्तम आहे. प्रवरेच्या काठाने वर जाणारी ही वाट कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला पोहोचते आणि शंभराहून थोडे अधिक किलोमीटर भरते. 1926 मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाच्या जलाशयाकाठी तंबूंचे मुक्काम आता सरसकट असतात. या एका वाटेवर ट्रेलरला लागणाऱ्या बहुतेक परीक्षा होतात. कालव्याच्या पट्ट्यातले सपाट पण उसाच्या वाहतुकीने खचलेले रस्ते, गावोगावचे गतिरोधक, अकोल्याच्या पुढचे चढ-उतार आणि शेवटी काठावरची ओली माती, सगळे त्यात आले. बेलापूरला वर्षाकाठी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस होतो, तर भंडारदऱ्यामागच्या रतनवाडी-घाटघरात तो काही हजार मिलिमीटरवर जातो. म्हणजे एकाच ट्रेलरला मे महिन्यात चाळीस अंशांवरचे ऊन आणि जुलैत धो धो पाऊस दोन्ही सोसावे लागणार.

पहिली गोष्ट वजनाची. विक्रेता ‘फक्त सव्वाचारशे किलो’ म्हणतो, तेव्हा तो रिकाम्या ट्रेलरचे वजन सांगत असतो. रस्त्यावर ट्रेलर कधीच रिकामा धावत नाही. पाहायचा आकडा आहे तो जास्तीत जास्त अनुमत एकूण वजनाचा, आणि या दोन वजनांतला फरक म्हणजे सामानाला उरलेली जागा. समजा रिकामा ट्रेलर 430 किलोचा आहे आणि अनुमत वजन 750 किलो. सामानासाठी 320 किलो उरले. त्यात 60 लिटर पाणी म्हणजे 60 किलो, शिशाची 100 अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे 30 किलो, छोटा गॅस सिलिंडर भरलेला 12 किलो, गाद्या-पांघरुणे 30, भांडी-शेगडी-किराणा 35, छत, खुर्च्या आणि टेबल 35, जादा चाक व अवजारे 25, कपडे 23. ही बेरीज 250 किलो होते आणि ट्रेलर 680 किलोवर जातो. ज्या ट्रेलरला सामानासाठी शंभर-सव्वाशे किलोच उरतात तो हलका नसून अपुरा आहे.

750 किलो हा आकडा इथे मुद्दाम घेतला आहे. भारतीय वाहन-वर्गीकरणात ट्रेलरचा सर्वांत हलका वर्ग एकूण 750 किलोपर्यंतचा आहे. युरोपातही स्वतःचा ब्रेक नसलेल्या ट्रेलरची मर्यादा तीच, आणि शिवाय तो ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्या वजनाहून जड नसावा असा तिथला दंडक. हजार किलोच्या छोट्या मोटारीमागे 680 किलोचा ब्रेक नसलेला ट्रेलर म्हणजे घाट उतरताना मोटारीच्या चार ब्रेकांवर जवळजवळ पावणेदोनपट भार. म्हणून गाडीच्या माहितीपुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिली आहे का, हे आधी पाहावे. ती दिलेली नसेल, तर ‘इंजिनात दम आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. ओढायला इंजिन लागते, पण थांबवायला ब्रेक, चाके आणि चासी लागते. गाडीच्या रेट्यानेच लागणारे यांत्रिक ब्रेक ट्रेलरला असतील, तर घाटात ते मोठे सुख असते.

दुसरी गोष्ट तोलाची, आणि ती वजनाइतकीच महत्त्वाची आहे. बैलगाडी हाकणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ऊस मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलू पाहते. पुढे जास्त भरला की सगळा भार मानेवर येतो. एका आसाच्या ट्रेलरचेही तेच. हिचवर, म्हणजे मोटारीच्या गोळ्यावर, ट्रेलरच्या एकूण वजनाचा ठरावीक वाटा टेकलेला हवा. युरोपातल्या हलक्या ट्रेलरांत तो साधारण पाच ते सात टक्के धरतात, अमेरिकेत दहा ते पंधरा. तो फार कमी झाला की वेग वाढताच ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो, आणि एकदा झुलू लागला की मोटारीचे मागचे टोकही सोबत ओढतो. तो फार वाढला की मोटार मागे बसते, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणूची पकड जाते.

सामान कुठे ठेवले यावर हा भार कसा बदलतो, ते हिशेबाने पाहता येते. हिचपासून आसापर्यंत अडीच मीटर अंतर आहे आणि पाण्याची टाकी आसाच्या अर्धा मीटर मागे आहे असे धरा. 60 किलो पाणी भरले की हिचवरचा भार 60 गुणिले अर्धा भागिले अडीच, म्हणजे 12 किलोंनी कमी होतो. टाकी रिकामी असताना तो 60 किलो असेल, तर भरल्यावर 48 राहिला. 680 किलोच्या ट्रेलरसाठी हे सात टक्के झाले, ठीक आहे. आता आसाच्या दीड मीटर मागे, मागच्या दारावर मिळून 30 किलोच्या दोन सायकली टांगल्या. आणखी 18 किलो गेले. एकूण वजन 710 झाले आणि हिचवर उरले 30 किलो, म्हणजे चार टक्क्यांच्या जरासे वर. सायकलींनी वजन थोडेच वाढवले, पण तोल बिघडवला. म्हणून टाकी आणि बॅटरी आसाच्या जवळ किंवा किंचित पुढे असलेला आराखडा चांगला. मागच्या ओट्याखालीच सगळे जड सामान कोंबायला लावणारा आराखडा टाळावा.

हे सारे मोजायला बेलापूरच्या परिसरासारखी सोय नाही. उसाच्या पट्ट्यात वजनकाटे जागोजाग आहेत. सामान भरलेला ट्रेलर मोटारीपासून सोडवून पुढच्या टेकूच्या चाकासकट काट्यावर उभा केला की एकूण वजन कळते. हिचवरचा भार मात्र अशा मोठ्या काट्यावर मोजू नये. त्याची एकेक पायरी पाच-दहा किलोंची किंवा अधिक असते. त्यासाठी पोती तोलण्याचा छोटा काटा बरा. ट्रेलर सपाट जागी उभा करावा, चाकांना दगड लावावेत, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून कपलर, म्हणजे गोळ्यावर बसणारे ट्रेलरचे टोक, मोटारीला जोडल्यावर असते त्याच उंचीवर येईल असे पाहावे आणि ते त्यावर टेकवावे. ठोकळ्याचे वजन वजा केले की उरेल तो आकडा खरा. ट्रेलर विकत घेण्याआधी विक्रेता हे करू देतो का, यावरूनही बरेच कळते.

तिसरी गोष्ट खालच्या बांधणीची. आसाला पाट्यांच्या स्प्रिंगा असतील तर त्या थोड्या टणक चालतात, पण तुटली पाटी तालुक्याच्या कोणत्याही कारागिराकडे बदलून मिळते. रबराचा दाब वापरणारे आस मऊ आणि नीटस असतात. मात्र त्यांतले रबर गेले की बहुधा अख्खा आस बदलावा लागतो. चाके फार लहान असलेला ट्रेलर सिमेंटच्या रस्त्यावर शोभतो, खड्ड्यात आपटतो. मोटारीच्याच मापाची चाके असतील तर एकच जादा चाक दोघांना पुरते. हिच, साखळ्या आणि दिव्यांची तार पाहताना साखळ्या हिचखाली एकमेकींना छेद देऊन जातात ना, आणि ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लावणारी सुटका-तार आहे ना, हे तपासावे. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून चाकाच्या तुंब्यावर हात ठेवून पाहावा. जेमतेम कोमट असेल तर बेअरिंग ठीक. हात ठेववत नसेल तर ग्रीस किंवा बेअरिंग गेले आहे.

चौथी गोष्ट अंगाची, म्हणजे भिंती आणि छताची. प्लायवूडवर अॅल्युमिनियमचा पत्रा स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा, पण सांध्यातून पाणी शिरले की प्लायवूड आतून कुजते. फायबरचे अखंड कवच सहसा गळत नाही. मात्र तडा गेला तर त्याची डागडुजी जाणकारानेच करावी लागते. तपासणीचा सोपा मार्ग म्हणजे छतावर, खिडक्यांच्या कडांवर आणि दाराच्या चौकटीवर अर्धा तास पाइपने पाणी सोडणे, मग आतले कोपरे आणि गादीखालचा तळ हाताने चाचपणे. जुन्या ट्रेलरमध्ये भिंतीवर बोटांनी ठोकत जावे. कुठे आवाज पोकळ वा मऊ आला किंवा कोंदट वास आला, तर तिथे ओल आहे. उन्हाळ्यासाठी छत पांढरे, भिंतींत फोमचा थर आणि समोरासमोर दोन जाळीदार खिडक्या हव्यात. छतात पंखा असेल तर रात्री श्वासाची वाफ बाहेर जाते, नाही तर पहाटे छतावरून थेंब ठिबकतात.

विजेचा हिशेब छोटाच, पण काटेकोर हवा. 100 वॉटचे सौरपॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण 300 ते 400 वॉट-तास देते. पंधरा वॉटचा पंखा आठ तास चालला की 120, दिव्यांना 40, मोबाइलना 30, म्हणजे 190 वॉट-तास, तेवढे निभते. त्यात छोटा फ्रिज जोडला की रोजचे आणखी तीनशेच्या वर लागतात आणि एक पॅनेल पुरत नाही. शिशाची 100 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 1200 वॉट-तासांची असली तरी निम्म्याहून जास्त उतरवली तर तिचे आयुष्य घटते. लिथियमची तेवढीच बॅटरी वजनाने निम्म्याहून कमी आणि किमतीने बरीच जास्त. वातानुकूलन यंत्र या मापात बसत नाही. ते हवेच असेल तर घरगुती विजेची जोडणी असलेली मुक्कामाची जागा शोधावी लागते.

गॅसबाबत तडजोड नको. हा गॅस हवेहून जड असल्याने गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारा झरोका हवा आणि तो कप्पा झोपण्याच्या जागेपासून पूर्ण बंद हवा. मागे बाहेर उघडणारा ओटा म्हणूनच शहाणपणाचा. थंडीत ऊब यावी म्हणून आत शेगडी किंवा कोळसा पेटवणे जीवघेणे ठरते.

आतली जागा मापण्याऐवजी वापरून पाहावी. दोघांनी दार लावून अर्धा तास आडवे व्हावे, एकाने दुसऱ्याला न उठवता बाहेर पडून पाहावे, मग ओटा उघडून चहा करावा. गादीची लांबी सर्वांत उंच माणसापेक्षा चार बोटे जास्त हवी.

कागदपत्रेही पारखीचा भागच आहेत. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्यामुळे त्याला स्वतंत्र नोंदणी आणि विमा लागतो. बेलापूरच्या ट्रेलरची नोंदणी श्रीरामपूरच्या कार्यालयात होईल आणि त्यावर एमएच 17 ची पाटी लागेल. शेतीच्या ट्रॉल्या बनवणारा कारागीर हुबेहूब ट्रेलर निम्म्या खर्चात वेल्ड करून देऊ शकतो, पण मान्यता आणि नोंदणी होत नसेल तर तो अंगणातच उभा राहतो. चालत्या ट्रेलरमध्ये कोणी बसू नये, मुलांनी तर नाहीच.

चालवण्याची सवय शेवटी, पण व्यवहारापूर्वी करावी. छोटा ट्रेलर मागे घेताना लांब ट्रेलरपेक्षा पटकन वळतो आणि दोन क्षणांत मोटारीला काटकोनात येतो; मोकळ्या मैदानात हे शिकावे. उतारावर खालचा गिअर ठेवावा. कॅम्पिंगचा हंगाम आणि उसाचा गळीत हंगाम एकाच वेळी, साधारण नोव्हेंबर ते मार्च, असतो. या दिवसांत प्रवरेच्या पट्ट्यात उसाने लादलेल्या, मागे दिवा नसलेल्या जोड-ट्रॉल्या रात्री वाटेत भेटतात, म्हणून उजेडातच मुक्काम गाठावा.

या सगळ्यांतून उतरलेला ट्रेलरही प्रत्येकाने घ्यावाच असे नाही. वर्षाला दोनदा भंडारदऱ्याला जाणाऱ्यासाठी चांगला तंबू आणि जाड गादी पुरते. त्याला नोंदणी लागत नाही, उभे करून ठेवायला जागा लागत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर पडणाऱ्या, वयस्कर आई-वडील किंवा लहान मुले बरोबर असणाऱ्या कुटुंबाला मात्र जमिनीपासून वर, कोरडे आणि आधीच अंथरलेले अंथरूण हा खरा फायदा आहे. अशा कुटुंबाने भरलेले वजन, हिचवरचा भार आणि पाण्याची चाचणी या तीन गोष्टी स्वतः पाहूनच पैसे द्यावेत. पडदे, दिवे आणि रंग नंतर बदलता येतात. आस कुठे बसवला आहे आणि सांधे कसे भरले आहेत, ते बदलता येत नाही.