माणसांनी घडलेला राजा

इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्जचा ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ १६५१ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखचित्रात डोंगरांमागून एक मुकुटधारी महाकाय पुरुष वर आलेला आहे. एका हाती तलवार, दुसऱ्या हाती बिशपचा दंड. धड आणि बाहू मात्र तीनशेहून अधिक माणसांनी भरलेले! चित्रावर सही नाही. बहुतेक अभ्यासक ते पॅरिसच्या अब्राहम बॉसचं मानतात. इंग्लंडमधल्या यादवीच्या तोंडावर देश सोडलेला हॉब्ज तेव्हा पॅरिसमध्येच राहत होता, आणि १६४९ मध्ये लंडनमध्ये राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला होता.

बॉस एचिंगचा, म्हणजे आम्लाने पत्र्यावर रेघा कोरण्याच्या कलेचा, मोठा शिक्षक. १६४५च्या पुस्तकात त्याने सगळी कृती उघड करून सांगितली. तांब्याच्या पत्र्यावर कडक वॉर्निश चढवायचं, धुरावर काळं करायचं, सुईने किंवा तिरकस टोकाच्या एशॉपने ते खरवडून तांबं उघडं करायचं. मग शिरका, नवसागर आणि जंगाल यांचं द्रावण तिरक्या ठेवलेल्या पत्र्यावरून पुन्हा पुन्हा ओतायचं. एशॉप हातात फिरवला की रेघ मध्ये फुगते, टोकाला निमुळती होते. आम्लाने खाल्लेली रेघ कोरणीने कोरल्यासारखी रेखीव दिसावी, हा बॉसचा आग्रह होता. तो नसता तर राजाच्या अंगातली ती माणसं म्हणजे नुसता काळा डाग झाला असता.

ही माणसं आपल्याकडे पाठ करून राजाच्या मुखाकडे बघतात. दुसऱ्या चार्ल्सला भेट दिलेल्या हस्तलिखितातल्या चित्रात मात्र त्यांचे चेहरे बाहेर, वाचकाकडे आहेत. मला छापील रूप अधिक जबर वाटतं: प्रजेने राजाला घडवलं आणि त्याच क्षणी नजरही त्याच्या स्वाधीन केली. खालचं नगर जवळजवळ ओसाड आहे. तिथे सैनिक आहेत आणि चर्चपाशी चोचीचे मुखवटे घातलेल्या, प्लेगचे वैद्य वाटणाऱ्या दोन आकृती.

त्याखाली दोन स्तंभ. किल्ल्यासमोर चर्च, मुकुटासमोर बिशपची टोपी, तोफेसमोर बहिष्काराची वीज. बंदुका-भाल्यांसमोर तर्कशास्त्राचे काटे आणि शिंगं, रणांगणासमोर पंडितांची वादसभा. यादवीचा दोष हॉब्ज प्रवचनकारांना आणि विद्यापीठांनाही देत असे. म्हणून त्याच्या लेखी वादसभाही रणांगणाइतकीच धोक्याची होती, आणि तलवार व धर्मदंड एकाच्याच हाती हवे होते.