कसरतीच्या विमानाची पूर्वतयारी

आकाशात कोलांट्या घेणारे, क्षणात सरळ वर चढणारे आणि क्षणात पाठीवर उलटे होऊन तरंगणारे छोटे विमान पाहिले म्हणजे त्याचे सारे श्रेय जमिनीवर उभ्या असलेल्या चालकाच्या बोटांना द्यावेसे वाटते. परंतु या कौशल्याचा मोठा भाग विमान उडण्यापूर्वी, घरातील मेजावरच सिद्ध झालेला असतो.

जबलपूर हे कारागिरांचे शहर आहे. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला. पुढे खमरियाचा आयुध कारखाना आणि १९६९ मध्ये वाहनांचा कारखाना उभा राहिला. सांध्यात केसभर ढिलाई राहिली तर यंत्र बिघडते, हे अशा शहरात कोणाला निराळे सांगावे लागत नाही. घरातील मुलाला वा मुलीला राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमानांचे नमुने बनविण्याची गोडी लागली असेल, तर कारखान्यातील हाच धडा तेथे उपयोगी पडतो.

विमानाला वळविणारी पाती तीन प्रकारची असतात. पंखांच्या मागील कडेला असणारी एलेरॉन विमानाला कुशीवर कलवितात. शेपटीवरील आडवे पाते, म्हणजे एलेव्हेटर, नाक वर-खाली करते. आणि उभे पाते, म्हणजे रडर, नाक डावी-उजवीकडे वळविते. सर्व्हो नावाची लहानशी मोटर आपल्या भुजेने एक सळई ओढते वा ढकलते, आणि ती सळई पात्यावरील शिंगाला जोडलेली असल्यामुळे पाते हलते.

जुळणीस बसताना प्रथम प्रोपेलर काढून ठेवावा. विजेची मोटर अवचित फिरली तर बोटे कापली जातात. नंतर ट्रान्समीटर सुरू करून त्यावरील सर्व ट्रिम शून्यावर आणावेत. या स्थितीत सर्व्होची भुजा सळईशी काटकोनात असावी. नसेल तर ती काढून एकदोन दाते पुढे-मागे बसवावी. मग सळईची लांबी कमी-जास्त करून पाते पंखाच्या रेषेत आणावे. शिंगावरील छिद्र बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर आहे ना, हेही पाहावे. ते पुढे-मागे असले तर पाते वर जितके जाते तितके खाली जात नाही, आणि गिरकी वाकडी होते.

पात्याची चाल कमी करावयाची झाल्यास ट्रान्समीटरवरील आकडा घटविण्याचा मोह आवरावा. त्याऐवजी सळई भुजेच्या आतल्या छिद्रात किंवा शिंगाच्या बाहेरच्या छिद्रात बसवावी. असे केल्याने सर्व्होची पूर्ण चाल उपयोगात येते, जोर वाढतो आणि हालचाल अधिक नेमकी होते. एलेव्हेटरच्या दोन्ही अर्ध्या पात्यांचे अंश कोनमापकाने मोजून सारखे करावेत. यंत्राचे जे काम आहे ते यंत्राने आधी पुरे करावे. रेडिओने उरलेली बारीक दुरुस्ती तेवढी करावी.

आता भुजा धरून पाते हलकेच हलवून पाहावे. ते सैल वाटले तर झिजलेले छिद्र वा ढिली बिजागरी बदलावी. वेगात असताना असे पाते फडफडू लागते आणि पाहता पाहता विमानाचे तुकडे होऊ शकतात. जबलपूरच्या उन्हाळ्यात, मोटारीत तापलेल्या विमानाचे आवरण सैल पडते. त्या दिवसांत ही तपासणी मैदानावर पुन्हा करावी.

सर्वांत शेवटी, पण सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे दिशा. विमानाच्या मागे उभे राहून दांडी उजवीकडे न्यावी: उजवे एलेरॉन वर आणि डावे खाली गेले पाहिजे. एलेव्हेटरची दांडी आपल्याकडे ओढली की त्या पात्याची मागची कड वर उचलली पाहिजे. रडर दांडीच्याच दिशेने वळले पाहिजे. ‘नुसते हलते आहे’ एवढ्याने समाधान मानू नये.

ही सूचना बालबोध वाटेल. पण २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमधील वुडफर्ड येथे ॲव्रो ट्यूडर जातीचे विमान उड्डाण करताच कोसळले, ते एलेरॉनच्या तारा उलट जोडल्या गेल्यामुळे. मृतांमध्ये प्रसिद्ध लँकेस्टर विमानाचे रचनाकार रॉय चॅडविक हेही होते. २०१८ मध्ये पोर्तुगालमध्ये दुरुस्तीहून निघालेल्या एका प्रवासी जेट विमानात असाच घोटाळा झाला. वैमानिकांच्या शर्थीने सहाही जण वाचले. जाणत्यांच्या हातून जे घडते ते आपल्या हातून घडणार नाही, असे कोणी समजू नये. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी दुसऱ्या कोणाकडून दिशा तपासून घ्यावी. लहान भावंडालाही हे काम सांगता येते.

उडविण्याची जागाही विचारपूर्वक निवडावी. ड्रोन नियम, २०२१ हे नमुना-विमानांनाही लागू आहेत. डुमना विमानतळ आणि आयुध कारखाने शहराच्या परिसरातच असल्यामुळे शासनाचा हवाई क्षेत्रांचा नकाशा आधी पाहणे आवश्यक आहे. मोकळे मैदान, पहाटेचा शांत वारा आणि पाठीमागे उभे प्रेक्षक, एवढी व्यवस्था असावी.

महिनोन्‌महिने खपून बांधलेले विमान पाच मिनिटांच्या आळसापायी मातीत जाते, आणि कधी त्याच्या वाटेत माणूसही असतो. ही पाच मिनिटे न चुकता देण्याची सवय मुलांना लागली, तर त्या छंदाने त्यांना विमानापलीकडचेही काही शिकविले असे म्हणता येईल.